मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन, मग आपण मेलो कसे नाही?

आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा सकाळी साडेसहाला एक फॉरवर्ड आला. मे २०२५ मध्ये सरकारने पाकिस्तानातून येणारा सगळा माल बंद केला, तेव्हापासून सैंधव मिठाची चर्चा घराघरात सुरू आहे, कारण आपल्याकडचं बरंचसं सैंधव तिकडच्या खेवड्याच्या खाणीतून यायचं. तर फॉरवर्डचा सारांश असा, की पांढरं मीठ हे "केमिकल" आहे, त्यात सोडियम असतो जो पाण्यात टाकला की पेट घेतो, आणि क्लोरीन असतो जो पहिल्या महायुद्धात माणसं मारायला वापरला होता, तरी आपण रोज हे विष आमटीत घालतो, जागे व्हा वगैरे वगैरे. खाली हात जोडलेले तीन इमोजी.

गंमत म्हणजे यातल्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सोडियम धातू सुरीने कापता येतो इतका मऊ असतो, कॉलेजच्या लॅबमध्ये रॉकेलात बुडवून ठेवतात, आणि वाटाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला तर तो फुसफुसत पळतो आणि पेटतो. क्लोरीन हा हिरवट पिवळा गॅस, २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्र गावाजवळ जर्मन सैन्याने तो सोडला होता. आणि सैंधवसुद्धा जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच असतं बरं का, गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो. मग एक पेटणारा आणि एक जीव घेणारा असे दोघं एकत्र आले की त्यांचं पोह्यांवर भुरभुरवायचं मीठ कसं होतं? काकांना मी ग्रुपवर उत्तर टाइप करायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून इथे लिहितोय.

## आधी अणूची पंगत

अणूच्या मध्यभागी केंद्रक, त्यात धन चार्ज असलेले प्रोटॉन. बाहेर ऋण चार्ज असलेले इलेक्ट्रॉन. अख्खा अणू वानखेडे स्टेडियमएवढा धरला तर केंद्रक पिचवर पडलेल्या एका वाटाण्याएवढं, बाकी सगळा इलेक्ट्रॉनचा वावर. विरुद्ध चार्ज एकमेकांना ओढतात, सारखे चार्ज एकमेकांना ढकलतात. एवढं एक वाक्य लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच ओढाताणीतून निघतं.

इलेक्ट्रॉन कुठेही कसेही बसत नाहीत, लग्नाच्या पंगतीसारखे ओळींत बसतात. पुस्तकात या ओळीला कवच म्हणतात. पहिल्या ओळीत दोनच पाट, दुसरीत आठ, आणि आपल्या कामापुरतं तिसरीतही आठ धरा. सोडियमचे इलेक्ट्रॉन ११, म्हणजे दोन, आठ, आणि तिसऱ्या पंगतीत एकटाच बसलेला एक पाहुणा. क्लोरीनचे १७, म्हणजे दोन, आठ, सात, आणि एक पाट रिकामा.

आता शाळेत आपल्याला सांगितलेलं असतं की सोडियमला तो एक इलेक्ट्रॉन "देऊन टाकायचा असतो" आणि क्लोरीनला एक "हवा असतो". अणूला काही हवंनको नसतं हो. खरं कारण असं, की सोडियमच्या त्या एकट्या पाहुण्याच्या आणि केंद्रकाच्या मध्ये दहा जण बसलेत, त्यामुळे ११ प्रोटॉनची ओढ त्याच्यापर्यंत पोचेपर्यंत अगदीच मंदावते, वाढप्याच्या हातातली जिलबी शेवटच्या माणसापर्यंत येता येता संपते ना, तसं. क्लोरीनमध्ये उलट, मध्ये दहाच जण पण केंद्रकात १७ प्रोटॉन, त्यामुळे त्या रिकाम्या पाटावर ओढ जबरदस्त.

## फुकट कुणी काही देत नाही

इथे एक गोष्ट मला बारावी होऊनही बरीच वर्षं कळली नव्हती. सोडियम इलेक्ट्रॉन आनंदाने देतो हे साफ चूक आहे. ५८ ग्रॅम मीठ होईल एवढे सुटे सोडियम अणू घ्या, त्यांच्यापासून इलेक्ट्रॉन ओढून काढायला ४९६ किलोज्यूल ऊर्जा खर्च होते. क्लोरीनने ते घेतले की परत मिळतात ३४९. म्हणजे सरळ १४७ चा तोटा! नुसत्या देवाणघेवाणीवर हा धंदा बुडाला पाहिजे.

पण देवाणघेवाण झाल्यावर सोडियम धन झाला आणि क्लोरीन ऋण. असा चार्ज आलेल्या अणूला आयन म्हणतात, आणि क्लोरीनच्या ऋण आयनला क्लोराइड. आता हे दोघं एकमेकांना ओढतात, आणि दोघंच नाही, प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोरीन, प्रत्येक क्लोरीनभोवती सहा सोडियम, असे वर खाली मागे पुढे सगळीकडे रचले जातात. या रचण्यात ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. तिथे सगळा तोटा भरून निघतो आणि वर भरपूर उरतं. हाच आयनिक बंध. म्हणजे बंध "इलेक्ट्रॉन देण्यात" नाहीये, दिल्यानंतर जी ओढ तयार होते तिच्यात आहे.

यातून अजून एक निघतं, मिठाचा "रेणू" असा नसतोच. एक सोडियम एक क्लोरीन अशी जोडी धरून बसलेली नाही, सगळ्यांचं सगळ्यांशी नातं. टेबल सॉल्टचा एक बारीक दाणा घ्या, त्यात आयन किती असतील, तर एकावर अठरा शून्यं एवढ्याच्या घरात. घरात भिंग असेल तर काळ्या कागदावर मीठ पसरून बघा, किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्याला मॅक्रो असेल तर त्याने. दाणे चौकोनी ठोकळ्यांसारखे दिसतात, कोपरे जरा झिजलेले. ती आतली रचना तुम्ही डोळ्यांनी बघताय, चौकटीत चौकट रचत बाहेरपर्यंत आलेली. उरण-पेणकडच्या मिठागरात उन्हाने पाणी आटतं तेव्हा मोकळे फिरणारे आयन हेच करत असतात, आणि तिथले खडे मोठे असल्यामुळे हे भिंगाशिवायही दिसतं.

## बंध म्हणजे नक्की काय, धागा की डिंक?

दोन्ही नाही. पुस्तकात दोन गोळ्यांच्या मध्ये काडी काढतात ना, ती आपल्या सोयीसाठी. फ्रिजवरची दोन लोहचुंबकं काढा. जवळ आणा, एका अंतरावर ती आपोआप झेपावतात आणि टक्क आवाज होतो. तो आवाज म्हणजे बाहेर पडलेली ऊर्जा. आता ओढून वेगळी करा, जोर लागला ना? तुम्ही ऊर्जा घातलीत. एवढंच. बंध म्हणजे अशी जागा जिथे दोघांची मिळून ऊर्जा कमीत कमी आहे, आणि तिथून हलवायचं तर बाहेरून खर्च करावा लागेल.

अणूंच्या बाबतीत फरक एवढाच की फार जवळ गेले तर केंद्रकं एकमेकांना ढकलतात, म्हणून एक ठरावीक अंतर असतं, लांब नको जवळ नको. वाटीच्या तळाशी गोटी थांबते तसं. इकडे ढकला तिकडे ढकला, ती डुलत परत तळाशी येते, आणि अणूही बंधात असेच सतत डुलत असतात.

## "पण मीठ पाण्यात विरघळलं की सोडियम-क्लोरीन वेगळे होतात, मग?"

हा प्रश्न काका विचारणारच, आणि चांगला प्रश्न आहे. वेगळे होतात, अगदी खरं. पण वेगळा होतो तो सोडियम आयन, सोडियम धातू नाही. पाण्याशी भांडण करणारा होता तो तिसऱ्या पंगतीतला एकटा इलेक्ट्रॉन, तो गेला तो गेलाच, पाण्यात पडल्यावर क्लोरीन काही तो परत करत नाही. आयन दहा इलेक्ट्रॉनवर शांत बसलाय. आपल्या नसांमधून जे सिग्नल धावतात ते याच सोडियम आयनच्या जाण्यायेण्यावर, आणि पोटातल्या आम्लात क्लोराइड आयनच असतो.

परत मूळ सोडियम आणि क्लोरीन हवे असतील तर सगळी ऊर्जा परत भरावी लागेल. कारखान्यात वितळलेल्या मिठातून वीज सोडून सोडियम काढतात आणि मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन, दोन्हीकडे विजेचं बिल भरभक्कम. आमटी कितीही उकळली तरी तेवढी ऊर्जा तिथे नाही. साधं मीठ वितळायलाच ८०१ अंश सेल्सिअस लागतात, म्हणून तर तव्यावर साखर बघता बघता पातळ होते आणि मीठ ढिम्म हलत नाही. दृष्ट काढताना मीठ-मोहरी विस्तवात टाकली की तडतडतं, ते मीठ जळत नसतं, खड्याच्या आत अडकलेलं थोडं पाणी वाफ होऊन खडा फोडून बाहेर येतं. (आजीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, असू दे, दृष्ट गेली ना. यावर माझ्याकडे उत्तर नाही.)

मात्र घरात खरा क्लोरीन तयार होऊ शकतो, ते वेगळ्या वाटेने. आमच्या आईने एकदा दिवाळीच्या साफसफाईत ब्लीच टाकलेल्या फरशीवर टॉयलेटचं ॲसिड ओतलं, अजून चकचकीत होईल म्हणून. दोन मिनिटांत डोळे चुरचुरायला लागले, खोकला थांबेना, सगळे गॅलरीत. ब्लीचमधला क्लोरीन ऑक्सिजनला धरून असतो, ॲसिड पडलं की ते नातं सुटतं आणि क्लोरीनचे दोन दोन अणू जोडीने गॅस होऊन बाहेर पडतात. फॉरवर्ड पाठवायचाच असेल तर हा पाठवा काका, हे दोन कधीही मिसळू नका.

## सामाईक विहीर

मिठात एक देणारा आणि एक घेणारा होता. पण दोघंही तुल्यबळ असले तर? हायड्रोजनचे दोन अणू घ्या, प्रत्येकाकडे एक एक इलेक्ट्रॉन. कुणी कुणाचा हिसकावू शकत नाही. मग ते दोन इलेक्ट्रॉन दोन्ही केंद्रकांच्या मधल्या भागात जास्त वावरतात आणि दोन्ही केंद्रकांना स्वतःकडे ओढतात, त्यामुळे अणू एकत्र राहतात. याला सहसंयुज बंध म्हणतात.

शेतीवाल्यांना हे लगेच कळेल. दोन भावांच्या वाटण्या झाल्या पण विहीर एकच, बांधावर, सातबाऱ्यावर दोघांच्याही नावापुढे "सामाईक विहीर". थोरला म्हणतो माझ्याकडे विहीर आहे, धाकटाही म्हणतो माझ्याकडे आहे, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत. तसेच ते दोन इलेक्ट्रॉन दोन्ही अणूंच्या हिशोबात पूर्ण धरले जातात. ही जोडीची कल्पना अमेरिकेतल्या गिल्बर्ट लुईसने १९१६ मध्ये मांडली, तेव्हा अणूच्या आत नेमकं काय चालतं ते कुणालाच धड माहीत नव्हतं. त्याचं पक्कं गणित १९२७ मध्ये हाइटलर आणि लंडन या दोघांनी हायड्रोजनसाठी करून दाखवलं (लंडन हे आडनाव आहे, शहर नाही). त्या दोन हायड्रोजनमधलं अंतर किती, तर केसाच्या जाडीचे दहा लाख भाग करा, त्यातला साधारण एक.

विहिरी एकाहून जास्त असू शकतात. ऑक्सिजनच्या दोन अणूंत दोन जोड्या, नायट्रोजनच्या दोन अणूंत तीन. क्लोरीनच्या दोन अणूंमधला बंध तोडायला २४३ लागतात, हायड्रोजनचा ४३६, आणि नायट्रोजनचा तब्बल ९४५ (सगळे किलोज्यूल, सारख्याच संख्येच्या बंधांसाठी). म्हणून क्लोरीन चटकन सुटून दिसेल त्याला भिडतो आणि नायट्रोजन ढिम्म. हवेत ७८ टक्के नायट्रोजन, पिकाच्या डोक्यावर नायट्रोजनचा समुद्र, तरी शेतकरी युरियाच्या गोणीसाठी रांगेत उभा, याचं कारण या तीन विहिरी. पिकाला तो बंध तोडता येत नाही. कडधान्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो तोडतात, आकाशातली वीज थोडाफार तोडते, बाकी कारखान्यात प्रचंड दाब आणि चारपाचशे अंश तापमान लावून काम करावं लागतं.

## एकाची मोटर पाच एचपीची

आता सामाईक विहिरीवर दोन्ही भावांच्या मोटरी सारख्या असतीलच असं नाही. थोरल्याची पाच एचपी, धाकट्याची दीड. कागदावर अर्धं अर्धं, प्रत्यक्षात पाणी कुणाच्या रानात जास्त पडतं ते गाव बघतोच. सामाईक इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढायच्या या ताकदीला विद्युतऋणता म्हणतात, आणि लायनस पॉलिंगने १९३२ मध्ये तिची मोजपट्टी केली. फ्लोरीन सगळ्यात वर ३.९८, ऑक्सिजन ३.४४, क्लोरीन ३.१६, कार्बन २.५५, हायड्रोजन २.२०, आणि आपला सोडियम ०.९३. फरक फार मोठा असला की एकाची मोटर सगळंच पाणी खेचते, तोच आयनिक बंध. म्हणजे आयनिक आणि सहसंयुज ही दोन वेगळी खाती नाहीत, एकाच रस्त्याची दोन टोकं आहेत, आणि बहुतेक बंध मधे कुठेतरी राहतात. शाळेत दोन वेगळे चौकोन काढून पाठ करून घेतात ते मला अजिबात पटत नाही.

पाण्यात ऑक्सिजनची मोटर मोठी, हायड्रोजनची लहान, त्यामुळे ऑक्सिजनच्या बाजूला जरासा ऋण चार्ज आणि दोन्ही हायड्रोजनच्या बाजूला जरासा धन. शिवाय रेणू सरळ रेषेत नाही, १०४.५ अंशात वाकलेला. मग एका पाण्याच्या रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. याला हायड्रोजन बंध म्हणतात. खऱ्या बंधापुढे तो अगदी किरकोळ, साधारण विसावा भाग, म्हणजे नातेवाईक नाही, चहापाण्यापुरता शेजार, पण असे शेजारी इतके असतात की फरक पडतो.

किती फरक पडतो ते बघा. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाचा, गटारातून येतो तो गॅस. रचना पाण्यासारखीच, फक्त ऑक्सिजनच्या जागी गंधक, आणि रेणू पाण्यापेक्षा जवळपास दुप्पट जड. तरी तो उणे ६० अंशालाच उकळतो आणि हलकं पाणी १०० अंशापर्यंत थांबतं. हा शेजार नसता तर आपल्या उन्हाळ्यात काय, हिवाळ्यातही नदीत पाणी दिसलं नसतं, सगळं वाफ. आणि बर्फ होताना हे शेजारी हातभर अंतर राखून जाळी करतात, म्हणून बर्फ जागा जास्त घेतो, पाण्यावर तरंगतो आणि फ्रीझरमध्ये विसरलेली काचेची बाटली फोडतो.

मीठ पाण्यात का विरघळतं तेही इथेच सुटतं. पाण्याचे रेणू सोडियमकडे ऑक्सिजनचं तोंड करतात, क्लोराइडकडे हायड्रोजनचं, आणि घेराव घालून एकेकाला रचनेतून बाहेर काढतात. तेलात बहुतेक कार्बन आणि हायड्रोजन, मोटरी जवळपास सारख्या, २.५५ आणि २.२०, त्यामुळे कुठल्या टोकाला फारसा चार्जच नाही. मीठ तेलात टाकून हलवत बसा, तळाशी जाऊन बसेल.

## तांबट आळीतला ठोका

पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे, तिथून जाताना हातोड्याचा एकसारखा ठोका ऐकू यायचा, अजूनही कुठे कुठे येतो. तांब्याच्या पत्र्यावर ठोकून ठोकून ते बारीक खळग्यांची नक्षी करतात, त्याला मठारकाम म्हणतात. हजारो ठोके खाऊन पत्रा आकार बदलतो पण फुटत नाही. आता खडे मिठाचा खडा खलबत्त्यात घालून एकच ठोका द्या. भुगा.

तांब्यात बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एका अणूचे नसतातच, ते गायरानासारखे, अख्ख्या गावाचे. सगळे धन आयन त्या गायरानात बसलेत. ठोका पडला, अणूंची एक ओळ सरकली, तरी गायरान तेच, धरून ठेवणारी ओढ तीच. मिठात मात्र एक ओळ एका घराने सरकली की सोडियमसमोर सोडियम आणि क्लोरीनसमोर क्लोरीन येतो, सारखे चार्ज समोरासमोर, ते एकमेकांना ढकलतात आणि खडा तिथेच दुभंगतो. तांब्याच्या तारेतून वीज वाहते ती याच गायरानातल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनमुळे, आणि भांडं चकाकतंही त्यांच्यामुळेच.

## "बंधात ऊर्जा साठवलेली असते, ती तुटला की बाहेर येते, हो ना?"

नाही! हे इतक्या ठिकाणी लिहिलेलं असतं, चांगल्या चांगल्या पुस्तकांत, की मला दरवेळी चिडचिड होते. चुंबकं आठवा. तोडताना खर्च, जुळताना कमाई. कुठलाही बंध, कधीही, अपवाद नाही.

मग शेगडीचा जाळ कुठून येतो? पाइप गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो, एक कार्बन आणि चार हायड्रोजन. १६ ग्रॅम मिथेन जाळायचा तर आधी त्याचे आणि लागणाऱ्या ऑक्सिजनचे सगळे बंध तोडायचे, त्याला साधारण २६५० किलोज्यूल खर्च. मग तेच अणू नव्याने जुळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतात, तेव्हा साधारण ३४५० परत मिळतात. मधले ८०० म्हणजे तुमचा चहा. जुनं घर पाडायला खर्च आलाच, नव्या जागेचा सौदा त्याहून फायद्याचा निघाला इतकंच. (प्रत्यक्षात सगळं आधी सुटं होऊन मग जुळतं असं नाही, तोडजोड सोबतच चालते, पण हिशोब तोच येतो.) आणि लायटरची ठिणगी कशाला लागते, तर पहिले काही बंध तोडायचं भांडवल म्हणून. पुढे ज्वाला स्वतःच शेजारच्या गॅसला भांडवल पुरवते. ठिणगी लागल्याशिवाय गॅस आणि हवा एकाच खोलीत गुपचूप बसून राहतात, म्हणून वास आला की लाइटचं बटणसुद्धा दाबू नका असं सांगतात.

## आठचा नियम कायदा आहे का?

नाही, आडाखा आहे. बाहेरच्या ओळीत आठ झाले की अणू स्थिर, हे कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरीनला छान लागू पडतं, पुढे ढिलं होत जातं. बोरॉन सहावर भागवतो. गंधक फ्लोरीनच्या सहा अणूंना धरून बसतो, विजेच्या सबस्टेशनमधल्या मोठ्या स्विचगिअरमध्ये हाच गॅस भरलेला असतो. झेनॉनचे आठ पूर्ण, तो कुणाशी जुळणारच नाही असं सगळे धरून चालले होते, १९६२ मध्ये नील बार्टलेटने त्याचं संयुग करून दाखवलं. परीक्षेत मात्र आठच लिहा.

आणि हे सगळं कुणी बघितलंय का, असं विचाराल तर आता हो, बऱ्यापैकी. २००९ मध्ये झुरिकच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत अतिशय बारीक सुईने चाचपून पेंटासीन नावाच्या रेणूचं चित्र घेतलं, पाच षटकोन एका ओळीत, मधाच्या पोळ्याचा तुकडा ठेवल्यासारखे. पुस्तकातल्या काड्यांच्या चित्राशी ते इतकं जुळतं की पहिल्यांदा बघताना मला वाटलं कुणीतरी काढलंय.

## काकांचा दुसरा फॉरवर्ड

हे सगळं अर्धं टाइप करेपर्यंत दुसरा आला, पॅकेटच्या मिठात सायनाइड असतं म्हणून. हाही हवेतून आलेला नाही. मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घालायची परवानगी आहे, किलोला १० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे चिमटीत सापडणार नाही इतकं. नावात सायनाइड आहे हे खरं, पण परत तोच प्रश्न, ते धरून कुणाला बसलंय? सायनाइड माणसाला मारतं ते आपल्या पेशींमधल्या लोहाला चिकटून, मग पेशीला ऑक्सिजन वापरताच येत नाही. फेरोसायनाइडमध्ये सहा सायनाइड आधीच एका लोहाला घट्ट चिकटून बसलेत. ज्या चिकटण्याने जीव जातो तेच चिकटणं इथे आधी होऊन गेलंय. तीव्र आम्लात घालून तापवलं तर ते सुटतं, लॅबमध्ये, पण पोटातलं आम्ल आणि ३७ अंश एवढ्यावर ते सहसा सुटत नाही.

काकांचा रिप्लाय आला, "मग सैंधवात हे नसतं ना?" खड्याच्या सैंधवात नसतं काका, खड्यांचे गोळे व्हायचा प्रश्नच नाही. पण तुम्ही ते दळून बरणीत भरलंय ना, जुलैत हवेतला दमटपणा पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर गेला की सोडियम क्लोराइड हवेतूनच पाणी ओढून घेतं, सैंधव असो नाहीतर साधं, आणि चमचा उभा राहील असा गोळा होतो. काकूंना सांगा, तळाशी मूठभर तांदूळ टाकून ठेवायला.